तीन नंबरचं बटण

अण्णांनी माझ्या आईच्या हातातली किटली घेतली, झाकण काढलं आणि डेअरीच्या पायरीवरून सगळं दूध खाली गटारात ओतलं. सावकाश. रांगेतल्या शेवटच्या बाईलाही दिसेल असं.

सकाळचे साडेसहा वाजले होते. दूध अजून कोमट होतं. काळ्या चिखलावर पांढरा फेस आला आणि दोन कुत्री धावत आली.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "पाणी गाईला पाजायचं असतं. दुधाला न्हाई."

रांगेत कुणीतरी हसलं.

आई म्हणाली, "अण्णा, पानी न्हाई वो घातलं. लेकरांची शप्पत."

"शप्पत कशाला घेताय? मशीनवर कोण बसलंय बघा की." अण्णांनी खिडकीतून आत माझ्याकडे बोट दाखवलं. "इंग्लिश मीडियमची पोरगी हाय. त्यात तुमचीच. मशीन एक वेळ खोटं बोलंल, पोटची पोरगी बोलंल का?"

आईने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि पुढच्या बाईचा कोड टाईप केला.

दुधात पाणी नव्हतं. मला माहीत होतं. बटण मीच दाबलं होतं.

आमचं गाव सोनईपासून टेम्पोने वीस मिनिटांवर. वडील नगरला एमआयडीसीत वॉचमन, आठवड्यातून एकदा घरी येतात. घरी आई, मी, धाकटी बहीण आणि दोन गाई. रस्त्यावरचा पेट्रोल पंप अण्णांचा, डेअरी अण्णांची आणि इंग्लिश मीडियमची शाळाही अण्णांची. त्या शाळेत मी सरकारी कोट्यातून शिकले. शाळेत सगळे त्याला 'फुकटची सीट' म्हणायचे. शिपाईसुद्धा. बहिणीच्या वेळी कोट्यात नंबर लागला नाही, तेव्हा अण्णांनी स्वतःहून तिची फी माफ केली. आई त्या दिवशी त्यांच्या पाया पडली. मीही पडले.

मी आठ वर्षांची असताना शाळा बघायला पुण्याहून पाहुणे आले होते. अण्णा त्यांना आमच्या वर्गात घेऊन आले. सगळ्या वर्गातून मला एकटीला बाकावर उभं केलं. "हिची आई आमच्या डेअरीला दूध घालते. बोल बेटा." मी पाठ केलेली इंग्रजी कविता म्हटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि वळून तो हात रुमालाला पुसला. मला ते दिसलं. मला असल्या गोष्टी दिसतात. बोलता येत नाहीत, पण दिसतात.

घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की टाळ्या वाजल्या.

राहुरीला बी.कॉम. झाले. वर्षभर घरी बसून होते, तेव्हा अण्णांनी निरोप पाठवला. डेअरीत नवीन मशीन आलंय, इंग्रजी येणारं माणूस पाहिजे. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. खुर्ची होती, पंखा होता, मधे खिडकी होती. कुणाशी बोलावं लागत नव्हतं. बायका खिडकीतून किटली द्यायच्या, मी सॅम्पल घ्यायचे, चिठ्ठी बाहेर द्यायचे.

मशीन म्हणजे एक निळी पेटी. कपातल्या दुधात नळी बुडवायची, बटण दाबायचं, चाळीस सेकंद थांबायचं. मग पडद्यावर आकडे येतात, त्यांवरच दुधाचा दर ठरतो. फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्टपणा, आणि सगळ्यात खाली दुधात पाणी किती ते. पडद्याचं तोंड आतल्या बाजूला, माझ्याकडे. बाहेरच्या माणसाला पेटीची पाठ दिसायची. बटणं तीन. एक नंबर गाईचं दूध, दोन नंबर म्हशीचं, तीन नंबर मिसळलेलं. मिसळलेलं दूध आमच्याकडे कुणी आणत नाही. नगरहून मेकॅनिक आला आणि त्याने तीन नंबरमध्ये काहीतरी फिरवून ठेवलं. त्यानंतर त्या बटणावर कुठलंही दूध घेतलं तरी फॅट कमी दाखवायचं आणि पाणी जास्त.

अण्णांनी मला एक कागद दिला. त्यावर चार कोड होते, म्हणजे चार घरांचे डेअरीतले नंबर. "ह्यांचं तीनवर घ्यायचं, बेटा. ही माणसं फार बोलतात."

मला विचारायचं होतं. बहिणीची फी आठवली. मी बटण दाबलं.

पहिल्या दिवशी बोट थरथरलं. नंतर कधीतरी थरथरायचं थांबलं. कुठल्या दिवशी थांबलं ते मला आठवत नाही. मला जास्त लाज त्याची वाटते.

असे आठ महिने गेले.

मग शेवंताकाकूंच्या अंगणात बायकांची बैठक झाली. शेवंताकाकू आमच्या शेजारच्या. नवऱ्याबरोबर बारा वर्षं ऊसतोडीला जात होत्या. आता तीन म्हशी पाळून गावातच राहतात. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वस्तीतला माणूस वळून बघतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सगळ्यांनी आपलं दूध एका भांड्यात ओतायचं आणि ते भांडं आपणच सोनईला न्यायचं. दोन हॉटेलवाले तयार होते. राहुरीचा एक मिठाईवालाही रोज घेतो म्हणाला होता. अण्णांची पायरी चढायची नाही.

आई बैठकीहून आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. चुलीपुढे बसून ती मला एकेकीची नक्कल करून दाखवत होती. कुणीतरी म्हणालं होतं, "सोसायटी काढायची म्हंजी चेरमन आला. चेरमन आला की त्याची गाडी आली. गाडी आली की आपुन परत पायीच!" सगळ्या हसल्या होत्या. आमच्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यावर शेवंताकाकू म्हणाल्या होत्या, "ऊस तोडताना मोळी येकीनं उचलून दुसरीच्या डोक्यावर द्यायची, तवा ट्रक भरायचा. तवा न्हाई लागला चेरमन. मंग दूध येका भांड्यात वतायला कशाला लागतोय?"

आई हे सांगताना हसत होती. मी ऐकत होते.

चार दिवसांनी अण्णांनी कागद बदलला. आता त्यावर अकरा कोड होते. सगळे बैठकीला गेलेल्यांचे. त्यांच्याखाली पेन्सिलने आणखी एक लिहिलेला. सदतीस. तो आमचा.

"आईचं आहे म्हणून सोडायचं नाही," अण्णा म्हणाले. "मशीन सगळ्यांना सारखं."

मी सोडलं नाही.

आईचं दूध ओतलं त्या दिवशी मी दहा वाजता घरी आले. आई अंगणात बसली होती. रिकामी किटली पालथी धरून तळावर बोटाच्या पेराने टकटक करत होती. एखादा थेंब पडतो का ते बघत होती.

"सांजच्याला इसळली तवा तळाला पानी राह्यलं आसंल," ती म्हणाली. "ध्यान राहत न्हाई आताशा. माझ्यापायी तुझी मान खाली गेली गं, चार लोकांत."

तिने माझी माफी मागितली.

मग तिने मला भाकरी वाढली. मी दोन भाकरी खाल्ल्या. हे लिहायलाच हवं. मी त्या दिवशी नीट जेवले.

त्यानंतर ती रोज किटली दोनदा विसळायची, फडक्याने आतून पुसायची, कुंपणाच्या खुंटीला पालथी टांगायची आणि धार काढायच्या आधी परत टकटक करायची. धार काढून झाली की डाव्या अंगठ्याच्या नखावर दुधाचा एक थेंब ठेवायची. आमच्याकडच्या जुन्या बायका असं करतात. दूध चांगलं असेल तर थेंब नखावर बसून राहतो. पाणी असेल तर पळतो. तिचा थेंब बसून राहायचा. तरी ती दुसरा थेंब घ्यायची.

स्वतःच्या गाईवरचा तिचा विश्वास उडाला होता. तो मी एका बोटाने उडवला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवंताकाकू आल्या. उंबऱ्यावरच बसल्या, आत आल्या नाहीत. मी चुलीपाशी होते.

"कसं सांगू तुला," त्या आईला म्हणाल्या. "बाया म्हनत्यात, दूध येका भांड्यात जायचं. येकीनं पानी घातलं तर सगळ्यांचंच नासलं."

आई फडक्याने किटली आतून पुसत राहिली.

"तुझं येकटीचं न्हाई. आनखी अकरा जनींचं पानी निघालं. आता तर निस्ती गंमत चाललीय. रांगंतच येकमेकींच्या किटलीत बोट बुडवून नखाव थेंब धरत्यात. माझ्याबी किटलीत रांगंतल्या गयानं बोट घातलं काल. म्हनलं, बाई, घातलंस तर घातलंस, निदान धुतलंय तरी का?" त्या हसल्या, पण ते हसू पुढे गेलं नाही. "रईवारची बैठक न्हाई आता. कोन यायाला तयार न्हाई."

"बरूबर हाय त्यांचं," आई म्हणाली. "मला नगा घिऊ. बाकीच्या तरी करा."

तेव्हा मला तीन नंबर कशासाठी होतं ते कळलं. कॉलेजात शिकलेल्या मुलीला हे समजायला आठ महिने लागले. अण्णांचं हे आमच्या दुधातल्या थोड्याशा फॅटसाठी चाललेलं नव्हतं. तो तर त्यांना सहजच मिळत होता. त्यांना हवं होतं की गावातल्या कुठल्याही दोन बायकांनी एका भांड्यात दूध ओतायची हिंमत करू नये. त्यासाठी गुंड पाठवावे लागले नाहीत. एक लाजाळू मुलगी पुरली.

मी तेव्हाच बोलू शकले असते. उंबरा चार पावलांवर होता. मी चहा केला. साखर जास्त पडली. काकूंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी डेअरीला निघताना आईने गोठ्यातून हाक मारली.

"हिकडं ये जरा. तू शिकल्याली हायस. बघ बरं, ह्यो थेंब थांबतोय का पळतोय?"

तिने अंगठा माझ्यापुढे धरला. नखाच्या कडेला शेण होतं, मधे दुधाचा थेंब. गोल. हलत नव्हता.

"थांबतोय," मी म्हणाले.

"मंग मशीनला का दिसंना?"

मी पायात चप्पल घातली.

"मला येड लागलंय का गं? मीच रातीची उठून पानी घालते का काय?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

मी डेअरीला गेले.

खिडकी उघडली. रांग लागली. अण्णा बाहेर पायरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. सातवी आई होती. तिने किटली आत सरकवली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी मशीन उचललं. वायर आखूड होती, म्हणून टेबल पायाने पुढे ढकलावं लागलं. पेटी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि फिरवली. पडदा बाहेर, पाठ माझ्याकडे. आईच्या दुधाचे दोन कप भरले. पहिल्या कपात नळी बुडवली आणि हात बाहेर काढून एक नंबर दाबला.

चाळीस सेकंद. तेवढ्यात बायका पुढे सरकल्या.

मी वाकून मोठ्याने वाचलं. "पाणी शून्य."

दुसरा कप. तीन नंबर. चाळीस सेकंद.

"पाणी बारा."

मी म्हणाले, "दूध तेच आहे. एकाच किटलीतलं."

"परत कर," मागून शेवंताकाकूंचा आवाज आला.

मी परत केलं. मग त्यांच्या दुधाचं केलं. आधी दोन नंबर, मग तीन नंबर. मग गयाच्या. एव्हाना अण्णा उठून खिडकीशी आले होते.

"बिघडलंय ते. बंद कर."

मी बंद केलं नाही. मग ते माझ्याशी इंग्रजीत बोलले, हळू आवाजात. बाहेर ये, आपण ऑफिसात बसून बोलू, बहिणीचा विचार कर. बायकांना कळू नये म्हणून इंग्रजीत. त्या भाषेत आम्ही दोघंच आत होतो, बाकी सगळ्या बाहेर. आठ वर्षांची असताना बाकावर उभी होते, तेव्हाही असंच होतं.

"मराठीत बोला, अण्णा," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येऊ दे."

ते चिडले. "तोंड फुटलं का तुला? बोलायला कुणी शिकवलं? कुणाच्या शाळेत शिकलीस?"

मी फक्त पडद्यावरचा आकडा परत वाचला.

शेवंताकाकू खिडकीशी आल्या. त्यांनी अण्णांकडे बघितलंही नाही. मला विचारलं, "कवापास्नं चाललंय ह्ये?"

"आठ महिने."

"तुला ठावं हुतं?"

"हो."

"तुझ्या आईचं वतलं, तवाबी?"

"हो."

कबूल करते, मला वाटलं होतं की आता कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवेल. शेवंताकाकू म्हणाल्या, "मंग तू बी त्यातलीच," आणि वळल्या.

आईने किटलीचं झाकण लावलं. भरलेली किटली घेऊन ती पायऱ्या उतरली. तिच्यामागे शेवंताकाकू, मग गया, मग एकेक करत बऱ्याच जणी. सगळ्या नाही. काही जणी मान खाली घालून रांगेत थांबल्या. त्यांना मी काय म्हणणार?

अण्णा मला म्हणाले, "उद्यापासून बहिणीला शाळेत पाठवू नकोस."

बहीण आता गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. महिनाभर माझ्याशी बोलली नाही. जुन्या शाळेचा टाय तिने अजून दप्तरात ठेवलाय. मला तो दिसतो. मी काढ म्हणत नाही.

आईने त्या दिवसाबद्दल मला एकदाच विचारलं. भांडी घासता घासता. "माझं दूध वतलं त्या दिवशी, बटन दाबताना माझ्याकडं बघितलं हुतंस का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचं भांडं घेतलं.

बायकांचं दूध आता शेवंताकाकूंच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोळा होतं. एकोणीस जणी आहेत. नोंदणीला अध्यक्ष लागतो म्हणून एकीचं नाव घातलंय, खुर्ची मात्र आणलेली नाही. सगळ्या खाली बसतात. वाद होतात. टेम्पो कधी येतो, कधी बंद पडतो. अण्णांनी दर वाढवला तेव्हा चौघी तिकडे गेल्या, त्यातली एक परत आली. उद्या काय होईल ते सांगता येत नाही.

अण्णांच्यासारखंच एक जुनं मशीन विकत घेतलं त्या दिवशी शेवंताकाकूंनी उलथन्याच्या टोकाने तीन नंबरचं बटण उचकटून काढलं. तिथे आता भोक आहे. पडद्याचं तोंड रांगेकडे. मशीनवर दर आठवड्याला वेगळी बाई बसते. हा नियम त्यांनी केला, आणि कुणामुळे केला ते सगळ्यांना माहीत आहे.

मला एकदाच बोलावणं आलं. काकू म्हणाल्या, "शिकवायचं. बसायचं न्हाई."

मी शिकवते. दुपारी चार-पाच जणी येतात. आकडे, अक्षरं, मशीन कसं धुवायचं, कुठे काय फिरवलं की काय खोटं दिसतं, सगळं. जे लपवायला मला ठेवलं होतं, ते सगळं. पाळीच्या यादीत माझं नाव नाही. मी मागितलेलं नाही.

मागच्या महिन्यात सोनईच्या स्टँडवर अण्णांची गाडी माझ्याजवळ थांबली. काच खाली झाली. "बेटा, झालं गेलं सोडून दे. शाळेत क्लार्कची जागा आहे. बहिणीलाही परत घेऊ. तिचं कशाला नुकसान करतेस?"

बहिणीचा टाय आठवला. हो म्हणावंसं वाटलं, ते नाकारत नाही.

"नाही येणार, अण्णा," मी म्हणाले. गाडी जाईपर्यंत मान वर ठेवली. पाय थरथरत होते. थरथरत होते तेच बरं.

रोज सकाळी मी किटली घेऊन आईच्या मागे रांगेत उभी राहते. मशीनवर जी बसलेली असते ती एकेक आकडा बोट ठेवून वाचते. कधी अडते. मी मधे बोलत नाही. तिचं तिला वाचू देते. आईचं पाणी रोज शून्य येतं, सगळ्यांसमोर, मोठ्याने. तरी घरून निघताना ती किटली पालथी धरते आणि तळावर पेराने टकटक करते. अजून करते. ती सवय मी लावली, आणि ती आता सुटेल असं वाटत नाही.

ती टकटक जोवर माझ्या कानावर पडते आहे, तोवर जिथे पडद्याचं तोंड एकाच माणसाकडे असेल अशा कुठल्याही खिडकीच्या आत मी बसणार नाही. पुढे ती ऐकू यायची थांबली, तरी बसणार नाही.